ओल्या वस्त्राबद्दल

रुद्राणीचं पत्र होळीच्या सुमाराला आलं होतं आणि वैशाख संपत आला तरी पंचाक्षरी सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. टेबलावरच्या जाड पुस्तकात ते खुणेसारखं घातलेलं होतं. रोज सकाळी चहा पिताना सर त्याच्या बाहेर आलेल्या कडेकडे बघत आणि मग वर्तमानपत्र उघडत.

वर्तमानपत्रात पाण्याशिवाय दुसरं काही नसे. मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातुरात उतरत होतं आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. सरांच्या गल्लीत टँकर येईल त्या दिवशी बायका भांडी घेऊन पहाटेपासून बसत. त्यांची बायको नीलाबाईही त्यांच्यात असत. सर खिडकीतून बघत, खाली जाऊन कळशी उचलावी असं त्यांना फार वाटे, पण एवढ्या बायकांत जायचं त्यांच्या जिवावर येई.

वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जन्मभर जंतुशास्त्र शिकवलं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंतूचं नाव सांगताना ते आधी ‘बहुधा’ म्हणत, म्हणून मुलं त्यांना मागून ‘बहुधा सर’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही चूक वाटत नव्हती. रुद्राणी त्याच मुलांतली. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहातून आलेली ही मुलगी पुढं प्लास्टिक सर्जन झाली आणि आता नांदेडला एका लहान रुग्णालयात काम करत होती. सरांना ऐकू कमी येतं, फोनवर तर जवळजवळ येतच नाही, हे ठाऊक असल्यामुळं तिनं पत्र लिहिलं होतं.

उदगीरच्या शिवम्मा नावाच्या बाईबद्दल ते पत्र होतं. कर्करोगामुळं तिचा डावा स्तन काढावा लागला होता. रोग आटोक्यात आला, तेव्हा दिवाळीनंतर रुद्राणीनं त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवली. शस्त्रक्रिया नीट झाली. जखम भरत आली आहे असं वाटत असतानाच टाके लाल झाले आणि आतून पाणी झिरपायला लागलं. तपासणीत जो जंतू निघाला, तो पाण्यात राहणारा होता, क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. संक्रांतीच्या आत पिशवी काढून टाकावी लागली आणि पुढं महिनोन् महिने औषधं.

‘सर, बाईंना पुन्हा बसवून घ्यायची आहे,’ रुद्राणीनं लिहिलं होतं. ‘पिशवीसाठी स्नायूखाली आपण जो कप्पा करतो, तो कशानं धुवावा? आयोडिनचं द्रावण सर्वांत चांगलं, असं बरेच शोधनिबंध सांगतात. पिशवीच्या खोक्यातला कागद मात्र सांगतो, की पिशवीला आयोडिन लागू देऊ नका. मागच्या वेळी मी त्या कागदाला भिऊन नुसत्या सलाइननं धुतलं. माझं तिथंच चुकलं का? की आमच्या टाकीतल्या पाण्यातून हे आलं? पुन्हा जंतू शिरला तर त्या जागेवर तिसऱ्यांदा काही करता येणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी हात लावणार नाही.’

शेवटच्या ओळीशी सर दर वेळी थांबायचे. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला टाका घातला नाही, त्याच्या शब्दावर एका बाईचं शरीर थांबून राहावं? त्यांनी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. पुस्तकं काढली, निबंध वाचले, चांगल्या कागदावर सुरुवात केली. ‘आयोडिन वापरावं, असं दिसतं’ इथपर्यंत हात सरळ चाले. मग ‘तथापि’ येई. त्यामागून दुसरं ‘तथापि’ येई, आणि पान भरेपर्यंत त्या उत्तरात होय आणि नाही इतकं सारखं होई, की वाचणाऱ्याला त्यातून काहीच उचलता येऊ नये. तो कागद फाडून सर पाठकोऱ्या बाजूवर किराणा लिहीत.

मध्ये रुद्राणीचा दोनदा फोन आला. तो नीलाबाईंनी घेतला.

“बघून राहिलेत म्हणं,” त्यांनी नवऱ्याकडं बघतच तिला सांगितलं. “तुझे सर बघायला बसले की मग घर जळालं तरी बघूनच राहतेत. तू तुझं काम कर बाई.”

“ती करत नाही ना,” सर हळूच म्हणाले. पण ते फोनला ऐकू गेलं नाही.

असं चाललं असताना एका सकाळी दारापुढं रिक्षा थांबली आणि दोन बायका उतरल्या. पुढची सत्तरीची, काठापदराचं घट्ट लुगडं नेसलेली, कपाळावर भस्माचे पट्टे. मागची चाळिशीतली, अंगानं उंच, पण डाव्या खांद्यावरून पदर दोनदा घेतलेला. तिच्या हातात पाण्याचा लहान कॅन होता.

“शरणार्थ,” म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली. “पंचाक्षरी मास्तरांचं घर हेच नव्हं? मी नागुबाई. ही माझी सून शिवम्मा. उदगीरहून आलो.”

सरांनी नाव ऐकलं नाही, पण खांद्यावरचा तो दुहेरी पदर बघितला आणि कोण आलं आहे ते त्यांना कळलं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले.

नीलाबाईंनी सतरंजी टाकली. “बसा. पाणी आणते.”

“राहू द्या आक्का, आम्ही संगं आनलंय,” नागुबाईंनी कॅनकडं बोट केलं. “सध्या लातुरात कुनाच्या घरी पानी मागायचं म्हंजे त्याच्या गळ्यातलं मागितल्यावानी हाय.”

“एवढं बी काही नाही. चहा तर घ्याल?”

“अर्धा अर्धा. उदगीरला तरी काय वेगळं हाय म्हना. पोरं म्हनतेत, उदगीर जिल्हा होनार. मी म्हनलं, लातूर जिल्हा झाल्याला बघितलाय मी, बँडबाजासकट. कलेक्टर आला, नळाला काय आलं? ह्या खेपेला आधी पानी येऊ द्या, मग जिल्हा.”

नीलाबाई हसल्या. त्या हसण्यात सर जरा सावरले आणि खुर्ची पुढं ओढून, ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान त्यांनी पाहुण्यांकडं केला.

शिवम्मा हळू पण सुटं सुटं बोलत होती. “काका, रुद्राणीबाई म्हणतात, सरांचं उत्तर आलं की तारीख देते. श्रावणात करायचं म्हणतात. उत्तर कधी येणार विचारलं तर गप्प बसतात. आम्ही आत्यांच्या बहिणीकडं लातूरला आलो होतो. म्हटलं, आपणच जाऊन विचारावं. तुम्हांला राग नाही ना आला?”

सरांना राग आला नव्हता. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटत होतं. “माझंच... उशीर झाला,” ते म्हणाले.

“मला इचाराल तर उत्तर देऊच नका,” नागुबाई म्हणाल्या. “जीव वाचला, देवानं राखलं. आता पुन्यांदा कापून घ्यायचं कशापायी? पदराखाली कोन बघायला येतंय?”

“तुम्हांला नाही कळणार ते, आत्या.”

“हाव, मला कसं कळंल. तुझ्या उशाला चार महिने मी बसले ते न कळताच बसले.”

शिवम्मानं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण बोलणं थांबवलं नाही. ती सरांकडं न बघता नीलाबाईंकडं वळली. “आक्का, तुम्ही गळ्यात इष्टलिंग बांधता तसंच मी बांधते. लहानपणापासून छातीवर आहे. आता डावीकडं काही नाही, तर दोरा तिरका होतो आणि ते घसरून त्या खड्ड्यात जातं. भाकरी थापताना वाकलं की काखेत अडकतं. दिवसातून किती वेळा हात लावून ते नीट करावं लागतं. दर वेळी हात आधी त्या जागेला लागतो. देवाची आठवण व्हायच्या आत आजाराची होते. मला दुसरं काही नको. ते आपल्या जागी राहावं.”

नीलाबाईंचा हात नकळत स्वतःच्या छातीवरच्या चांदीच्या डबीकडं गेला. लिंगायतांच्या घरात ते इतकं रोजचं होतं, की सरांनी बायकोच्या गळ्यातल्या त्या डबीकडं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आज बघितलं. आणि बघता बघता त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, जो रुद्राणीच्या पत्रात नव्हता आणि त्यांच्या एकाही मसुद्यात नव्हता.

विचारावा कसा? परक्या बाईला, तिच्या छातीविषयी, तिच्या देवाविषयी, तिच्या सासूदेखत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“शस्त्रक्रियेच्या वेळी,” ते सतरंजीला म्हणाले, “लिंग... कुठं होतं?”

“उजव्या हातात. मी काढू दिलं नाही. रुद्राणीबाईंनी जाळीच्या पट्टीत गुंडाळून मुठीत बांधलं.”

“चांगलं केलं. आणि नंतर?”

“नंतर परत गळ्यात. दुसऱ्या दिवशीच.”

“लिंगपूजा केल्याबिगर पान्याचा घोट घेत न्हाईत आमच्यात,” नागुबाई ताठ होत म्हणाल्या. “दवाखाना असो का काई असो. ती पडून, म्हनून मीच करवून घेतली रोज. नांदेडच्या नळाचं पानी न्हाई घेतलं. घरून नेलं होतं, कळशी भरून. टँकरचंच, पन फडक्यानं गाळून.”

“एका कळशीत... किती दिवस पुरवलं?”

“पुरंल तितके दिवस. दुष्काळात देवाचं पानी काय रोज बदलतेत व्हय? सरलं की पोरगं येताना दुसरी आनायचं.”

“आणि वस्त्र? लिंग ज्यात बांधता ते?”

“पिळून त्यातच बांधायचं. धुवायला कुठलं पानी?”

“म्हणजे ओलंच.”

“वाळतंय की अंगावर.”

सरांनी मान हलवली. पुढचं विचारताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की शिवम्माला पुढं वाकावं लागलं. “जखमेच्या बाजूला एक नळी ठेवली असेल. आतलं पाणी बाहेर यायला.”

“होती. काखेच्या खाली. लिंग घसरून तिथंच लोंबायचं, नळीपाशी.”

“आनि तीर्थ उरायचं त्यातलं बोटभर मी पट्टीच्या कडंला लावत व्हते,” नागुबाई म्हणाल्या. “नर्स बघायची न्हाई तवा. लवकर भरून यावं म्हनून.”

सर “बरं” म्हणाले आणि उठून आत गेले. कपाटातून एक पुस्तक काढलं, ते उलटं धरून थोडा वेळ उभे राहिले. ड्रमाच्या, कळशीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की लागतो तो बुळबुळीत थर त्यांच्या डोळ्यांपुढं होता. त्या थरात हा जंतू सुखानं राहतो. फडक्यानं गाळून तो जात नाही. महिन्याभरानं डोकं वर काढतो, तेव्हा माणूस मागचं सगळं विसरलेला असतो. रुद्राणीनं कप्पा आयोडिननं धुतला असता, तरी ते धुणं त्या एका सकाळपुरतं. दुसऱ्या दिवशी तिथं ओलं वस्त्र येऊन बसलं, त्याला ते काय करणार होतं?

बहुधा. हे सगळं बहुधा. रुग्णालयाची टाकीही तशीच असू शकते, आणि रुद्राणीचे हातही त्या टाकीच्या पाण्यानंच धुतले होते.

ते बाहेर आले तेव्हा पाहुण्या निघाल्या होत्या. शिवम्मा नीलाबाईंबरोबर रिक्षापर्यंत पुढं गेली. नागुबाई उंबऱ्यातच थांबल्या, चपलेत पाय न घालता.

“मास्तर, तुम्ही त्या ओल्या वस्त्राचं लईच खोदून इचारलं.”

“सवय आहे. शिकवायची.”

“माझ्या हातानं झालं का?”

सरांनी आयुष्यभर ज्या उत्तराला भिऊन वाक्यं लांबवली होती, तेच ही बाई एका दमात मागत होती. खोटं बोलून तिला घरी पाठवणं सोपं होतं. खरं बोलायचं तर ते त्यांना पुरतं माहीत नव्हतं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “तुमच्या पाण्यातून आलं असेल. दवाखान्याच्या पाण्यातूनही आलं असेल. आता ते शोधून निघायचं नाही.”

“न्हाई म्हनत न्हाई म्हंजे हाव.”

“तसं नाही, बाई. खरंच सांगता येत नाही.”

नागुबाईंनी खाली रस्त्याकडं बघितलं. शिवम्मा रिक्षात चढताना एक हात छातीशी धरून वाकली होती. “चार महिने उशाला बसले मी,” त्या म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसलं. “तुम्ही लिहा. वस्त्राचं, तीर्थाचं, समदं लिहा. लाजू नका. तिला मी सांगीन, माझ्या तोंडानं, माझ्या येळंला. पन श्रावनात तिचं होऊ द्या.”

“मघाशी तुम्ही उत्तर देऊ नका म्हणालात.”

“मघाशी मला कुठं म्हाईत व्हतं की चूक माझ्या हातची असंल,” त्या म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरल्या.

त्या दुपारी सर लिहायला बसले. सुरुवातीला त्यांना मोह झाला. रुद्राणीनं विचारलं होतं द्रावणाबद्दल. द्रावणाबद्दल तेवढं लिहावं, वस्त्राची गोष्ट त्या बायकांच्या घरातच राहू द्यावी. उत्तर बिनचूक होईल, कुणाचं मन दुखावणार नाही. आणि श्रावणात नवी पिशवी बसेल, दुसऱ्या दिवशी कळशी येईल.

“लिंग छातीवर बांधलं नाही तर चालतं का?” त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं.

“अंगावर असलं म्हणजे झालं,” नीलाबाई म्हणाल्या. “बेंबीच्या खाली जाऊ नये, एवढंच. माझ्या बापाला मानेवर गळू झालं होतं तवा त्यांनी दोन महिने दंडाला बांधलं. तुम्हांला कशाला पाहिजे?”

“शिवम्मासाठी. आणि पूजेचं पाणी उकळून घेतलेलं?”

“उकळल्यानं काय देव पळून जातोय? पण आमच्या मठातल्या अय्यांना विचारा पाहिजे तर.”

“तुला काय वाटतं?”

नीलाबाई पीठ लागलेले हात घेऊनच दारात आल्या. नवऱ्यानं त्यांचं मत असं सरळ कधी विचारलं नव्हतं. “मला वाटतं, तुम्ही आता लिहावं,” त्या म्हणाल्या.

सरांनी लिहिलं.

‘चि. रुद्राणी, उत्तराला फार उशीर झाला, त्याला कारण माझ्या स्वभावाखेरीज दुसरं नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो. कप्पा आयोडिनच्या द्रावणानं धू. ओतलं आणि काढलं असं करू नकोस, काही मिनिटं ते आत राहू दे. मग भरपूर सलाइननं धुऊन काढ. पिशवी आयोडिनमध्ये बुडवू नकोस, ती प्रतिजैविकांच्या मिश्रणात ठेव. म्हणजे खोक्यातल्या कागदाचंही ऐकलं जाईल. पिशवीला हात लावण्याआधी हातमोजे नवे घाल, आणि ती तू एकटीच हाताळ. हातांवर शेवटचं पाणी टाकीचं घेऊ नकोस. पाण्याचा भरवसा नाही तिथं स्पिरिटचं द्रावण चोळ.

‘आता तू न विचारलेलं. शिवम्माबाई आणि त्यांच्या सासूबाई माझ्याकडं येऊन गेल्या. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून पूजा चालू होती. टँकरचं साठवलेलं पाणी, ओल्या वस्त्रात बांधलेलं लिंग, आणि ते नळीच्या तोंडाशी. थोडं तीर्थ पट्टीलाही लागत असे. जंतू तिथून आला, की तुमच्या टाकीतून, की तू भिऊन सलाइन वापरलंस म्हणून टिकला, हे मला सांगता येत नाही. तुलाही येणार नाही. तू स्वतःला दोष द्यावास इतका आधार मी वाचलेल्या निबंधांत नाही. त्यांना द्यावास इतकाही नाही. यावेळी तिन्ही वाटा बंद कर.

‘पूजा बंद करायला सांगू नकोस, त्या ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये. लिंग उजव्या दंडाला, कोरड्या आणि उकळून वाळवलेल्या वस्त्रात बांधायला सांग. पाणी रोज उकळून गार केलेलं, रोजचं रोज. तीर्थ फक्त तोंडात. जखम पूर्ण भरून नळीची जागा बंद होईपर्यंत गळ्यात नाही. हे शिवम्माबाईंना सांगशीलच, पण आधी नागुबाईंना सांग, त्यांच्या हाती सोपव. त्यांच्याइतकं कडक पाळणारं तुला कुणी मिळणार नाही. त्यांना काही विचारू नकोस. त्यांना माहीत आहे.

‘श्रावणातली तारीख दे.’

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्ती केली असती. पाकिटावर नांदेडचा पत्ता लिहिला, टोपी घातली आणि उन्हातच निघाले. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता, बायकांची रांग लांबवर गेली होती, आणि त्यांना वाट देण्यासाठी दोघीतिघींनी घागरी सरकवल्या. एकीनं विचारलं, “सर, उन्हाचं कुठं?” सरांनी पाकीट वर करून दाखवलं.

पोस्टात पंखा बंद होता. खिडकीमागच्या माणसानं पाकीट तराजूवर ठेवलं.

“साधं का रजिस्टर?”

“लवकर कुठलं जाईल?”

“स्पीड पोस्ट. परवा मिळंल नांदेडला.”

“तेच करा.”

त्या माणसानं चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टेबलावर नांदेडच्या गठ्ठ्यावर टाकलं. सर पावती घेऊन थोडा वेळ खिडकीशीच उभे राहिले. रांगेतल्या मागच्या माणसानं पुढं सरकायला सांगितलं, तेव्हा ते बाजूला झाले.